भूसुरुंगाने पाय गेलेल्यांसाठी प्रोजेक्ट करताय? मग कुठला पाय निवडाल?

भाचीच्या कॉलेजातला चौघांचा गट परवा भोसरीच्या शेडवर आला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: अफगाणिस्तान, येमेनसारख्या देशांत सुरुंगाने पाय गेलेल्यांसाठी कृत्रिम पाय. "काका, थ्रीडी प्रिंट करायचा विचार आहे." मी साचे बनवणारा, डॉक्टर नव्हे, पण प्लास्टिक कुठे तडकतं एवढं कळतं. अशाच विचारात आणखी कोणी असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पुणेकरांना विषय परका नाही. आपल्याकडचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे महायुद्ध चालू असतानाचं. पोरांना आधी तेच सांगितलं: इंटरनेटवर बघण्याआधी पाय बसवणाऱ्या माणसाशी बोला.

जयपूर फूट १९६८ चा. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला. पाऊल रबराचं, वर एचडीपीई या टणक प्लास्टिकचा पाइप, शेतात पाण्याला वापरतात त्याच जातीचा. अनवाणी चाला, चिखलातून जा, उकिडवं बसा, मांडी घाला. जिथे जेवण आणि नमाज दोन्ही जमिनीवर होतात तिथे याची किंमत कळते. शिबिरात येऊन माणूस त्याच दिवशी चालत जाऊ शकतो. अफगाणिस्तानातही अशी शिबिरं झाली. माझी शंका वेगळीच आहे: शिबिर उठल्यावर सॉकेट, म्हणजे पायाचा उरलेला खुंट बसतो ती वाटी, घासायला लागला तर तो माणूस जाणार कुणाकडे?

रेडक्रॉसची पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची पद्धत इथे उजवी वाटते. खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर भट्टीत तापवलेली शीट टाकायची आणि व्हॅक्यूमने ओढून बसवायची. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. खालचे भाग सुटे, त्यामुळे पाय जोडल्यावरही अलाइनमेंट, म्हणजे पायाची सरळ रेष, फिरवता येतं. उरलेला तुकडा वितळवून पुन्हा वापरता येतो. काबूलचं केंद्र १९८८ पासून आहे. इटलीचे फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो तिथे १९९० पासून काम करू लागले, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत बहुसंख्य स्वतःच अपंग आहेत. पाय मिळालेला माणूस दुसऱ्याचा पाय बनवतो, पगार घरी नेतो. उणीव आहे ती पावलाची. ते बुटात घालायच्या हिशोबाने केलेलं, उकिडवं बसताना नीट साथ देत नाही.

आता थ्रीडी प्रिंट. हातासाठी जरूर. जॉर्डनमध्ये अम्मानला युद्धात जखमी झालेल्यांच्या रुग्णालयात तसे हात करून दिले गेले आहेत. पायाचं मात्र अवघड. कृत्रिम पायाच्या आयएसओ १०३२८ या आंतरराष्ट्रीय मानकात भाराची ३० लाख आवर्तनं सोसावी लागतात, आणि साध्या प्रिंटरवर थरावर थर चढवून केलेली वस्तू सुटते ती नेमकी थराच्या जोडावर. शिवाय वीज. भोसरीत गुरुवारी लाइट नसते म्हणून आम्ही सुट्टीच ठेवतो. युद्धाने मोडलेल्या गावात ती कधी जाईल हे कोण सांगणार? अर्धवट प्रिंट भंगारात जाते.

तरी पोरांच्या प्रिंटरला मी सरसकट नाही म्हटलं नाही. मोठ्यांचा पाय तीनेक वर्षं जातो, वाढत्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी नवा लागतो. तिथे खुंट स्कॅन करून फक्त साचा प्रिंट करा, शीट त्यावर ओढा. साच्याला चालायचं नसतं. मापाची फाइल जपून ठेवता येते, ज्या गावात भट्टी आहे तिथे पाठवता येते.

पण मला विचाराल तर खरी जागा मोकळी आहे ती पावलात. रेडक्रॉसच्या पायाच्या पॉलिप्रोपिलीनच्या नळीवर बसेल, माणसाला उकिडवं बसू देईल आणि तिथलाच कारागीर साध्या पान्याने बदलू शकेल असं पाऊल करा. चौघांपैकी दोघांना हे पटलं. बाकीचे दोघे अजून प्रिंटरवरच अडून आहेत. शीटचे चार तुकडे दिलेत, पुढच्या गुरुवारी शेड रिकामी असेल तेव्हा येतो म्हणालेत. भट्टी गॅसवरची आहे, चालेल.