होम असिस्टंट: इंटरनेट गेलं तरी दिवा लागला पाहिजे

स्मार्ट दिवा, स्मार्ट प्लग किंवा स्मार्ट कुलूप पारखायची एक सोपी रीत आहे. राउटर चालू ठेवायचा, फक्त त्यात येणारी इंटरनेटची वायर काढायची आणि मोबाइलवरून दिवा लावून बघायचा. फोन आणि दिवा एकाच वाय-फायवर, एकाच खोलीत असूनही दिवा ढिम्म राहिला, तर आपली आज्ञा आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून फिरून घरात येते. पैसे आपण मोजलेले असतात, पण वस्तू चालायची की नाही हे दुसरंच कोणीतरी ठरवतं.

हे नुसतं भय नाही, तसं घडलेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारा डबा, बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीने २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याचे सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरातले धडधाकट हब त्या दिवसापासून निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना पूर्वसूचना न मिळताच बंद पडले. २०२३ मध्ये चेंबरलेनने गॅरेजच्या दारांच्या मायक्यू सेवेत बाहेरच्या सॉफ्टवेअरला मज्जाव केला. तिन्ही वेळा यंत्रात बिघाड नव्हता, सेवा देणाऱ्याचा विचार बदलला होता किंवा त्याची परिस्थिती.

होम असिस्टंट हे याच दुखण्यावरचं औषध आहे, आणि जालीम आहे. पॉलस स्काउट्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प एप्रिल २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. घरातल्या एका छोट्या संगणकावर तो चालतो, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका छताखाली आणतो आणि सगळे निर्णय घरातच घेतो. आज घरगुती ऑटोमेशनसाठी याच्या तोडीचं दुसरं काही दिसत नाही. मात्र औषध पथ्यासकट घ्यावं लागतं.

पहिलं पथ्य यंत्राचं. होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिम हाच बसवायचा मार्ग धरा. कंटेनरमध्ये, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवरच्या वेगळ्या कप्प्यातही तो चालतो, पण मग ॲड-ऑन, म्हणजे जोडीची तयार सॉफ्टवेअर, मिळत नाहीत आणि एमक्यूटीटी ब्रोकर (उपकरणांचे संदेश पोहोचवणारा मध्यस्थ) इथपासून सगळं वेगळं उभं करावं लागतं. कोअर आणि सुपरवाइज्ड या दोन जुन्या पद्धतींचा अधिकृत पाठिंबा २०२५ च्या डिसेंबर आवृत्तीपासून संपला आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधल्या त्या पायऱ्या गिरवू नका. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा हातात मावणारा संगणक, होम असिस्टंट ग्रीन हा प्रकल्पाचाच तयार डबा किंवा जुना मिनी पीसी, कशावरही काम भागतं. मिनी पीसी असेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय चालू आणि सिक्युअर बूट बंद हवं. रॅम २ जीबी असली तरी गाडी चालते, ४ असली की निवांतपणा येतो. पहिल्यांदा सुरू झाल्यावर तो बाकीच्या फाइली डाउनलोड करत बसतो, त्याला वीसेक मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात 'अडकलंय' समजून वीज काढणं ही नेहमीची चूक आहे.

पायवर चालवत असाल तर एसडी कार्डावर फार विसंबू नका. होम असिस्टंटचा रेकॉर्डर प्रत्येक बदललेली नोंद एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलीत टाकतो आणि ते लिखाण दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरतं. दर सेकंदाला वॅट कळवणारे चार-पाच प्लग असले की कार्ड सतत लिहिलं जातं, आणि एसडी कार्डाचा जीव तेवढा नसतो. एक दिवस सिस्टिम उठतच नाही. यूएसबीवरून एसएसडी लावा आणि रेकॉर्डरमधून बडबडे सेन्सर वगळा. मूळ ठेवणीत तपशीलवार इतिहास १० दिवस राहतो. तापमान, वीजवापर अशांची तासातासाची आकडेवारी वेगळी आणि कायमची साठते, म्हणून १० चे ३६५ करायच्या फंदात पडायचं कारण नाही.

आता खरेदीचं. उपकरण घेण्याआधी होम असिस्टंटच्या संकेतस्थळावर त्या ब्रँडच्या इंटिग्रेशनचं, म्हणजे उपकरण होम असिस्टंटला जोडणाऱ्या भागाचं, पान उघडा आणि 'आयओटी क्लास' ही ओळ वाचा. ती एक ओळ विकणाऱ्याच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा मोलाची आहे. 'लोकल पुश' म्हणजे उपकरण घरातल्या घरात, बदल होताक्षणी कळवतं. शेली आणि फिलिप्स ह्यू या गटात येतात. 'लोकल पोलिंग' म्हणजे होम असिस्टंट ठरावीक वेळाने जाऊन विचारतो, त्यामुळे भिंतीवरून दाबलेलं बटण पडद्यावर उशिरा दिसतं. 'क्लाउड पुश' आणि 'क्लाउड पोलिंग' म्हणजे वायर काढल्यावर ढिम्म राहणारी मंडळी. तुया ही इतर ब्रँडना तयार स्मार्ट भाग आणि क्लाउड पुरवणारी कंपनी. तिचं अधिकृत इंटिग्रेशन क्लाउड पुश आहे, आणि स्वस्त वाय-फाय प्लगांच्या खोक्यावर ब्रँड कुठलाही छापलेला असो, आत पुष्कळदा तुयाच असतं.

सेन्सरसाठी झिगबी हे कमी विजेवर चालणारं बिनतारी जाळं अजूनही सगळ्यात भरवशाचं. बॅटरी टिकते, पर्याय पुष्कळ, इंटरनेटशी संबंध नाही. पण नव्या लोकांची सर्वांत जास्त चिडचिडही इथेच होते, आणि दोष बहुतेक वेळा उपकरणाचा नसून डोंगल, म्हणजे यंत्राला झिगबी बोलायला लावणारी यूएसबी काडी, कुठे खोचलाय याचा असतो. झिगबी २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं. यूएसबी ३ चे पोर्ट आणि त्यांना जोडलेली डिस्क नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. निळ्या पोर्टात एसएसडी आणि शेजारी झिगबीचा डोंगल, अशी जोडी लावली की तीन मीटरवरचा सेन्सर अधूनमधून गायब होतो, दार उघडल्याची खबर उशिरा येते, जोडणी अर्ध्यावर तुटते. डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात, एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने यंत्रापासून, राउटरपासून आणि धातूच्या कपाटापासून लांब ठेवा. या एका केबलने जेवढ्या तक्रारी मिटतात तेवढ्या कुठल्याही सेटिंगने मिटत नाहीत.

चॅनेल सुरुवातीलाच ठरवा, कारण नंतर बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. वाय-फाय चॅनेल १ वर असेल तर झिगबीला २० किंवा २५ द्या, ६ वर असेल तर २५, ११ वर असेल तर १५. वाय-फाय 'ऑटो'वर ठेवू नका, नाहीतर राउटर एका रात्रीत चॅनेल बदलतो आणि आदल्या दिवशीचा हिशेब चुकतो. २६ रिकामा दिसला तरी काही उपकरणांचं त्यावर जमत नाही. डोंगलचा पत्ता देताना 'बाय-आयडी'चा लांबलचक मार्ग निवडा. पोर्टाचा छोटा टीटीवाय क्रमांक दुसरं काही खोचलं की बदलतो आणि रीस्टार्टनंतर सगळं झिगबी बंद दिसतं.

जोडायचा क्रमही महत्त्वाचा. विजेवर चालणारे प्लग आणि दिवे पुढच्याला संदेश पोहोचवतात, बॅटरीवरचे सेन्सर तसं करत नाहीत. म्हणून आधी प्लग, त्यांच्या कायमच्या जागी. मग सेन्सर, तेही त्यांच्या जागी नेऊनच. टेबलावर सगळे जोडून मग घरभर वाटले की काही सेन्सर पहिल्या धरलेल्या वाटेलाच चिकटून बसतात. आणि स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं साधं बटण कोणी बंद केलं, तर बल्बबरोबर त्याच्या आधाराने बोलणारे सेन्सरही मुके होतात. शक्य असेल तिथे बल्बऐवजी स्विचच्या मागे बसणारा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्मार्ट तुकडा) घ्या. बटण नेहमीसारखं चालतं, घरातल्या कोणालाच नवीन काही शिकावं लागत नाही. मात्र बॉक्समध्ये न्यूट्रल वायर आहे का ते आधी पाहा, आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

मॅटर हे नवं प्रमाण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि त्याचा हेतू उत्तम आहे: घरातल्या घरात चालणारं, सर्व कंपन्यांना समजणारं. वाय-फायवरचे मॅटर प्लग आता नीट चालतात. थ्रेड या झिगबीसारख्या बिनतारी जाळ्यावर चालणाऱ्या उपकरणांना मात्र बॉर्डर राउटर, म्हणजे ते जाळं घरच्या वाय-फायशी जोडणारं यंत्र, लागतो आणि जाळ्यात आयपीव्ही६ चालू लागतं. जोडणी करताना फोनचं ब्लूटूथ चालू ठेवून उपकरणाजवळ उभं राहावं लागतं. होम असिस्टंट, फोन आणि बॉर्डर राउटर वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (राउटरने पाडलेल्या वेगळ्या जाळ्यांत) असले की जोडणी अर्ध्यात थांबते आणि पडद्यावरचा संदेश कारण काही सांगत नाही. उपकरणावरचा क्यूआर आणि ११ अंकी कोड भिंतीत बसवण्याआधी फोटो काढून ठेवा. भिंतीत गेल्यावर तो वाचायला प्लेट उघडावी लागते.

ऑटोमेशन बनवायचा संपादक आता खरंच चांगला झाला आहे, वायएएमएल ही सेटिंगची मजकुरी भाषा हातानं लिहावी लागत नाही. तरी एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. हालचाल झाली की दिवा लावायचा, ५ मिनिटं थांबायचं, बंद करायचा. इतकंच लिहिलं आणि मोड मूळचा 'सिंगल' (एका वेळी एकच फेरी) राहू दिला, तर चौथ्या मिनिटाला झालेली हालचाल दुर्लक्षली जाते, कारण पहिली फेरी अजून चालूच आहे. पाचव्या मिनिटाला माणूस खोलीत असताना अंधार. मोड 'रीस्टार्ट' केला की प्रत्येक हालचालीला मोजणी नव्याने सुरू होते. पण रडारवर चालणारा उपस्थिती सेन्सर माणूस असेपर्यंत 'ऑन'च राहतो, नवी 'ऑफ'वरून 'ऑन' अशी घटना घडतच नाही, आणि पुन्हा अंधार. बरोबर रचना अशी: दिवा लावा, सेन्सर 'ऑफ' होण्याची वाट पाहा, मग थांबा, मग बंद करा, आणि मोड 'रीस्टार्ट'. होम असिस्टंटबरोबर येणारा हालचालीच्या दिव्याचा ब्लूप्रिंट, म्हणजे तयार साचा, नेमका असाच आहे. त्यात थांबायची मूळ वेळ १२० सेकंद आहे.

ट्रिगरमध्ये, म्हणजे ऑटोमेशन सुरू करणाऱ्या घटनेत, 'फ्रॉम'ची (आधीची स्थिती सांगायची) जागाही रिकामी सोडू नका. रीस्टार्टनंतर सेन्सर 'अनअव्हेलेबल'वरून 'ऑन'वर येतो आणि मध्यरात्री अपडेट झाला तर घरभर दिवे लागतात. उलट बाजूही आहे: थांबायच्या पाच मिनिटांतच रीस्टार्ट झाला तर ती फेरी हरवते आणि दिवा सकाळपर्यंत जळत राहतो. पाण्याचा पंप, हीटर अशा जिथे बंद होणं महत्त्वाचं आहे तिथे टायमर हेल्पर (होम असिस्टंटमधलंच वेगळं घड्याळ) वापरा आणि त्यात 'रिस्टोअर' चालू करा, म्हणजे रीस्टार्टनंतरही मोजणी टिकते. पंप आणि हीटरला त्यांचं स्वतःचं संरक्षण हवंच. सॉफ्टवेअरवर आग किंवा पूर टाळण्याची जबाबदारी टाकायची नसते.

अपडेट दर महिन्याला येतात आणि आवृत्तीचा क्रमांक वर्ष-महिना असाच असतो. महिन्याची पहिली आवृत्ती लगेच घेऊ नका, मागून दोन-तीन दुरुस्त्या येईपर्यंत थांबा. प्रकाशन टिपणातला 'मागील आवृत्तीशी न जुळणारे बदल' हा भाग आपल्या उपकरणांपुरता तरी वाचा. एचएसीएस या अनधिकृत भांडारातून घेतलेले घटक बाहेरच्या हौशी लोकांनी लिहिलेले असतात. अपडेटनंतर सगळ्यात आधी तेच मोडतात, म्हणून अधिकृत इंटिग्रेशन असताना त्यांच्या वाटेला जाऊ नये.

२०२५ च्या जानेवारी आवृत्तीपासून बॅकअप आपोआप आणि सांकेतिक कुलूप लावून घेता येतो. त्या कुलपाची किल्ली असलेली 'इमर्जन्सी किट' फाइल त्याच यंत्रावर ठेवली तर उपयोग शून्य: यंत्र गेलं की किल्लीही गेली आणि बॅकअप उघडत नाही. किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि एक प्रत कागदावर. बॅकअप नासवर (जाळ्यातल्या साठवणीच्या डब्यावर) किंवा दुसऱ्या संगणकावर. पूर्ण बॅकअप हातात असेल तर नव्या यंत्रावर सगळं परत उभं राहतं. झिगबीचा डोंगल तोच असेल तर सेन्सर पुन्हा जोडावेही लागत नाहीत.

बाहेरून घरात पोहोचण्यासाठी होम असिस्टंटशी जोडलेल्या नाबू कासा या कंपनीची सशुल्क सेवा सर्वांत कमी कटकटीची, आणि ते पैसे प्रकल्पाच्या कामालाच लागतात. नको असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल, म्हणजे घरापर्यंतचा खासगी बोगदा (व्हीपीएन). राउटरवर होम असिस्टंटचा ८१२३ हा पोर्ट इंटरनेटला उघडा टाकणं मात्र टाळा.

आवाजी आज्ञांचा भाग अजून कच्चा आहे. बोलणं लिहून घेणारं व्हिस्पर मॉडेल पायवर चालवलं तर एका वाक्यासाठी कित्येक सेकंद जातात, तेवढ्यात हातानं बटण दाबून होतं. ठरावीक वाक्यांपुरतं चालणारं स्पीच-टू-फ्रेज हलकं आहे, पण त्याला ठरलेल्या साच्याबाहेरचं कळत नाही आणि भाषाही मोजक्याच. केवळ आवाजासाठी कोणी होम असिस्टंटकडे वळत असेल तर त्याने आत्ता थांबावं.

घरात एखादा दिवा आणि एक प्लग एवढंच असेल, तर हा सगळा पसारा मांडायची गरज नाही. घरातच चालणारा मॅटर प्लग आणि फोनमधलं आधीचंच ॲप पुरे. दहाएक उपकरणं, तीन कंपन्यांची तीन ॲप आणि महिन्यातून दोन तास द्यायची तयारी, इतकं जमलं की होम असिस्टंट बसवा. सुरुवात एका खोलीने करा, केबल लांब घ्या, आणि पहिलं ऑटोमेशन झालं की इंटरनेटची वायर काढून दिवा लागतो का ते पाहा.