१९७२ च्या शेव्हेलसाठी कॉम्प कॅम्सचा एक्सई २६२ एच : रोज रस्त्यावर चालवल्यानंतरचे मत

शेव्हरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनासाठी बाजारात इतके कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे-मिटवणारे दंड, थोडक्यात कॅम) मिळतात की, पहिल्यांदाच इंजिन उघडणारा माणूस बहुधा आकड्यांत सर्वांत मोठा दिसणारा कॅम उचलतो आणि पुढे गाडी सिग्नलला बंद पडू लागली की दोष कार्बुरेटरला देतो. पुण्या-पिंपरीतून डेट्रॉइट परिसरात स्थायिक झालेल्या आणि जुन्या अमेरिकन गाड्यांचे वेड असलेल्या आम्हा मंडळींत हा विषय वारंवार निघतो, म्हणून माझ्या १९७२ च्या शेव्हरले शेव्हेल गाडीत बसवलेल्या, कॉम्प कॅम्स या कंपनीच्या एक्सई २६२ एच या कॅमविषयी सविस्तर लिहीत आहे.

इंजिन कोणते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय कॅमबद्दलचे कोणतेही मत निरुपयोगी ठरते. १९७० साली चार बॅरल कार्बुरेटरच्या ३०० अश्वशक्तीच्या ३५० इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते गुणोत्तर) १०.२५ होते, १९७१ पासून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावे म्हणून ते ८.५ वर आणले गेले, आणि १९७२ च्या शेव्हेलमध्ये हे इंजिन १७५ नेट अश्वशक्तीचे (सर्व उपकरणे जोडून मोजलेले, म्हणून १९७० च्या आकड्याशी थेट तुलना न होणारे) म्हणून विकले गेले. माझ्या गाडीत तेच कॉम्प्रेशन, मूळचे हेड, क्वाड्राजेट कार्बुरेटर, टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) आणि ३.०८ गुणोत्तराचा मागचा ॲक्सल (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे) आहे. २६ इंच उंचीच्या टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन २,४०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरते आणि शहरात ते बहुतेक वेळ १,५०० ते २,५०० मध्येच असते. रस्त्यावर चालवायच्या गाडीचा कॅम निवडताना पहिला विचार या आकड्यांचा व्हायला हवा. सहा हजारांवर इंजिन किती ताकद देईल, हा प्रश्न फार नंतरचा आहे.

एक्सई २६२ एचचे ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा क्रँकच्या अंशांतला काळ, टॅपेटच्या (कॅमच्या लोबवर बसून हालचाल पुढे देणाऱ्या भागाच्या) ०.०५० इंच लिफ्टवर, म्हणजे उचलीवर, मोजले तर इनटेकला (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) २१८ आणि एक्झॉस्टला २२४ अंश भरते. १.५ गुणोत्तराच्या रॉकरने (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेने) व्हॉल्व्हची लिफ्ट अनुक्रमे ०.४६२ आणि ०.४६९ इंच मिळते, आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांच्या, शिखरांमधले अंतर) ११० अंश आहे. कंपनीने कामाची कक्षा १,३०० ते ५,६०० आरपीएम दिली आहे. याच मालिकेतला पुढचा आणि बहुधा अधिक लोकप्रिय कॅम म्हणजे एक्सई २६८ एच. त्याचे आकडे २२४ आणि २३० अंश असून कक्षा १,६०० पासून ५,८०० पर्यंत आहे. कागदावर हा फरक सहा अंशांचा, म्हणजे किरकोळ वाटतो, आणि बहुतेक जण येथेच मोठ्या आकड्याकडे झुकतात. परंतु दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजेच ओव्हरलॅप, जाहीर ड्युरेशनवरून (०.०५० इंचाच्या आधीपासून मोजलेल्या, म्हणून मोठ्या आकड्यावरून) काढला तर २६२ मध्ये ४६ अंश येतो आणि २६८ मध्ये ५४ अंश. इंजिन आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) असताना या काळात जळालेला वायू इनटेककडे शिरतो, आत येणारे मिश्रण विरळ होते, मॅनिफोल्डमधला (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम घसरतो आणि त्या व्हॅक्यूमवर चालणारा, ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर दुबळा पडतो. पॉवर ब्रेक असलेल्या जड गाडीत ही बाब सुरक्षिततेची आहे, तिच्याकडे हौसेच्या नावाखाली काणाडोळा करता येणार नाही.

कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाल्यावर २६२ मध्ये तो ५७ अंशांवर, २६८ मध्ये ६० वर आणि त्याहून मोठ्या २७४ मध्ये ६३ वर मिटतो. तोवर वर येणारा पिस्टन आत आलेल्या मिश्रणाचा काही भाग पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ढकलत असतो. १०.२५ कॉम्प्रेशनचे इंजिन हे नुकसान सोसते; ८.५ चे इंजिन मात्र त्यामुळे खालच्या आरपीएमला अगदी मरगळते, आणि मूळच्या कन्व्हर्टरने व ३.०८ च्या ॲक्सलने ही मरगळ जास्तच जाणवते. २६८ ला न्याय द्यायचा असेल, तर अधिक कॉम्प्रेशन, किमान २,००० आरपीएमच्या आसपास पकडणारा कन्व्हर्टर आणि ३.५० च्या पुढचा ॲक्सल सोबत घ्यावा. तशा गाडीत तो उत्तम कॅम आहे.

माझ्या गाडीत २६२ बसल्यावर न्यूट्रलला ७५० आरपीएमवर सुमारे १६ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मिळतो आणि ब्रेकच्या पेडलमध्ये फरक जाणवत नाही. सुरुवातीचे इग्निशन टायमिंग (पिस्टन माथ्याला पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते) १२ अंशांवर आणि एकूण ३४ ते ३६ च्या दरम्यान ठेवले की आयडल स्थिर राहते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तेव्हा ड्राइव्हमध्ये ब्रेकवर पाय ठेवून तासन्‌तास मुंगीच्या चालीने सरकावे लागते. तिथेही इंजिनाने कुरकुर केली नाही. एक्झॉस्टच्या आवाजात एक हलकी लय आली आहे, ती कानाला गोड वाटते. खरे समाधान १,८०० पासून ४,५०० पर्यंतच्या ओढीत आहे : हायवेच्या रॅम्पवर गिअर न बदलताही गाडी भरदार पुढे जाते. ५,००० च्या वर मात्र मूळच्या हेडची श्वास घेण्याची क्षमता संपते, तिथे पाय दाबून ठेवण्यात काहीच हशील नाही.

बसवताना मूळच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग ठेवू नयेत; कंपनीने सुचवलेल्या स्प्रिंग घ्याव्यात आणि वाढलेल्या लिफ्टवर रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) गाइडला (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीला) टेकत नाही ना, हे प्रत्येक व्हॉल्व्हवर तपासावे. हा फ्लॅट टॅपेट कॅम (तळाला चाक नसलेल्या टॅपेटचा) असल्याने पहिला अर्धा तास सर्वांत नाजूक असतो. लोबला अत्यंत थोडा उतार आणि टॅपेटच्या तळाला किंचित फुगवटा दिलेला असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तो फिरला नाही, तर लोब घासून सपाट होतो. प्रत्येक लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची काळी पेस्ट हाताने चोळावी. मग व्हॉल्व्ह कव्हर काढलेले असतानाच पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या दांड्यांच्या) वरच्या टोकांवर मार्करने रेघ ओढून इंजिन हाताने फिरवावे. सोळाही रेघा हळूहळू सरकताना दिसल्या पाहिजेत. एखादी रेघ जागची हलत नसेल, तर इंजिन सुरू करण्याचा विचारही करू नये. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत तेल पोचवावे, कार्बुरेटर पेट्रोलने भरून ठेवावा, आणि इंजिन पेटताच ते आयडलला न सोडता वीस ते तीस मिनिटे २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवावे.

तेलाची काळजी पुढे कायम घ्यावी लागते. २००४ च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या तेलाच्या दर्जापासून ठरावीक ग्रेडच्या तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. फ्लॅट टॅपेटला लागणारे झिंकचे संयुग त्या फॉस्फरससोबतच येत असल्याने तेही कमी झाले. सुपरमार्केटमधले साधे तेल त्यामुळे पुरत नाही. झिंकचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेले, जुन्या इंजिनांसाठीचे तेलच वापरावे. ही दक्षता नको असेल आणि इंजिन नव्याने उभारायचेच असेल, तर १९८७ पासूनच्या हायड्रॉलिक रोलर टॅपेटच्या (तळाला चाक असलेल्या टॅपेटच्या) ब्लॉकचा विचार करावा. ज्यांना मूळ क्रमांकाचा ब्लॉक, मूळचा कन्व्हर्टर आणि पॉवर ब्रेक तसेच ठेवायचे आहेत, त्यांनी २६२ घ्यावा आणि कन्व्हर्टरवर खर्च होणारे पैसे स्प्रिंग, टॅपेट व नवीन टायमिंग चेनवर घालावेत.