स्टॉर्म ग्लास, दहा महिन्यांनंतर: गारा पडत होत्या आणि नळी म्हणत होती 'निरभ्र'

मे महिन्यात एका गुरुवारी दुपारी चारला आमच्याकडे वळीव आला. आधी धूळ, मग वारा, मग बोराएवढ्या गारा. सोसायटीच्या गेटाजवळचा गुलमोहर एका स्कूटरवर आडवा झाला. वीज गेली ती रात्री साडेनऊला आली. हे सगळं चालू असताना खिडकीतल्या स्टॉर्म ग्लासमध्ये, म्हणजे हवामान आधी सांगते म्हणून विकली जाणारी ती काचेची नळी, तिच्यात काय दिसत होतं? काही नाही. पाण्यासारखी स्वच्छ नळी. सोबत आलेल्या तक्त्याची पहिलीच ओळ आहे: द्रव स्वच्छ असेल तर हवामान निरभ्र. (तक्ता इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतोय.) हा अनुभव लिहायचा हे मी तेव्हाच ठरवलं. लिहायला सप्टेंबर उजाडला, कारण मधल्या काळात माझं मत दोनदा फिरलं.

वस्तू तुम्ही ऑनलाइन पाहिलीच असेल. लाकडी बुडावर उभी, तोंड कायमचं बंद केलेली काचेची नळी. आत पाणी, अल्कोहोल, कापूर, सोरा आणि नवसागर. म्हणजे देवघर, फटाकेवाला आणि कल्हईवाला यांच्याकडचं सामान एकत्र करून त्याचे १३४९ रुपये. तेही दिवाळीच्या सेलमध्ये, 'सवलतीत'. पार्सल उघडल्यावर बायकोने विचारलं, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "पाऊस येणार असेल तर आधी कळतं." ती म्हणाली, "नोव्हेंबरात?"

पहिले दोन महिने मात्र मी खूश होतो, हे कबूल केलं पाहिजे. डिसेंबरात सकाळी बाहेर ११-१२ अंश असायचे आणि नळीत तळापासून वरपर्यंत कापराची पिसं उभी राहायची. नेच्याच्या पानासारखी, टोकाला चांदण्या. चहा घेऊन मी पाच-पाच मिनिटं तिच्यापुढे उभा राहायचो. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, वर "निसर्गाचा बॅरोमीटर" असं लिहिलंही. ते आता कुणी वर काढू नये.

खटका उडाला तो तक्त्यावरून. थंडीच्या दिवसांत नळीत चांदण्या दिसल्या तर बर्फ पडणार, असं तक्ता सांगतो. पुण्यात. बाहेर आकाश असं निळं की डोळे दुखावेत. वर्षातला भरवशाचा कोरडा महिना, आणि आमची नळी महिनाभर रोज बर्फ पाडत होती. माहितीपत्रकात लिहिलं होतं की नळीला 'स्थिरावायला' दोन आठवडे द्या. मी सहा दिले.

आईने निकाल पहिल्याच आठवड्यात लावला होता. "बाथरूममधलं खोबरेल थिजलंय, तसंच की रे हे!" मी हसलो होतो. तिला म्हटलं, "आई, हे शास्त्रीय उपकरण आहे. बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय हे वापरायचा."

फिट्झरॉयचं नाव खोटं नाही. डार्विनला घेऊन जगप्रदक्षिणेला गेलेला तोच कप्तान. १८५४ मध्ये तो ब्रिटनच्या नव्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर त्याने तारयंत्राने बंदरांना वादळाच्या सूचना पाठवायला सुरुवात केली. १८६३ च्या आपल्या पुस्तकात त्याने या कापूर-नळीचं वर्णन केलं आणि ती त्याच्या नावाला चिकटली. पण गंमत बघा. त्याच वर्षी चार्ल्स टॉमलिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग करून सांगितलं की ही नळी म्हणजे एक ओबडधोबड तापमापक आहे, बाकी काही नाही. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी पुन्हा तपासलं. निष्कर्ष तोच. म्हणजे आई १८६३ पासून बरोबर होती.

हे वाचल्यावर मला स्वतःचाच राग आला, कारण विचार केला असता तर घरबसल्या कळलं असतं. नळी बंद आहे. बाहेरच्या हवेचा दाब आत पोचणार कुठून? थंडी वाढली की अल्कोहोल-पाण्यात कापूर कमी विरघळतो, जास्तीचा बाहेर पडतो, उकाड्यात परत विरघळतो. संपलं. विलायतेत थंड वाऱ्यांबरोबर वादळही यायचं, म्हणून नळी कधीमधी खरी ठरत असावी. आपल्याकडे उलटं. वळीव येतो तो भर उकाड्यात, आणि थंडीत आभाळ कोरडं. त्यामुळे पुण्यात ही नळी नुसती चुकत नाही, नेमाने उलटं सांगते.

खात्री म्हणून १२० रुपयांचा थर्मामीटर शेजारी टांगला आणि दीड महिना वहीत लिहिलं. १८ अंशाला पाऊण नळी भरलेली, २२ ला दोन बोटं, २६ ला चिमूटभर, तिशीच्या वर शून्य. तुमच्या नळीचे आकडे वेगळे येतील, पण चाल हीच असणार. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर तोही बघा. माझ्या फोनवर ९५० मिलिबारच्या आसपास आकडा येतो, आणि तो रोज सकाळी-रात्री दहाच्या सुमारास चढतो, चारच्या सुमारास उतरतो. वातावरणालाही भरती-ओहोटी असते, हे मला या फसवणुकीमुळे कळलं. तेवढं एक नफ्यात धरतो.

मार्च संपता संपता नळी रिकामी झाली. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर: "सर, क्लिअर लिक्विड म्हणजे क्लिअर वेदर. प्रॉडक्ट व्यवस्थित चालू आहे." मे महिन्यात गारांचा फोटो पाठवला, शेजारी नळी धरून. उत्तर तेच, खाली हसरा चेहरा. मी लिहिलं की तक्ता तरी बदलून द्या. त्यावर, परत करायची मुदत दहा दिवसांची होती, असं कळवलं. अरे, मी परत कुठे करतोय? मला तक्ता हवाय! पाच मेल झाले. शेवटच्या मेलमध्ये सल्ला आला: "फ्रिजमध्ये ठेवून पाहा."

रागाच्या भरात ठेवली. भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी, टॉवेलात गुंडाळून. आणि इथे मत दुसऱ्यांदा फिरलं. तासाभराने काढली तर आत बर्फाचं वादळ. ओट्यावर ठेवली की पिसं वरून खाली सुटायला लागतात, तरंगतात, विरघळतात. मुलीने वाफवायला ठेवलेले मोदक सोडून ते बघितलं. सावकाश गार केली तर पिसं मोठी, झटकन केली तर नुसता चुरा, हेही तिनेच शोधून काढलं. खोक्यावर हे एकच लिहिलं असतं तर मी तक्रार केली नसती. फ्रिजर मात्र टाळा. काच तडकली तर अल्कोहोल भाजीत जाईल.

पावसाळ्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. घरात चार महिने २५-२६ अंश, तळाशी चिमूटभर गाळ. तक्त्यानुसार तळाशी स्फटिक म्हणजे दव गोठणार. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो. आमच्याकडे जुलैत रोज गोठत होतं, कपडे वाळत नव्हते तेव्हा. याउलट पंचांगात आईने नक्षत्राचं वाहन बघितलं. म्हैस निघाली. पाऊस झाला. आणि सिमला ऑफिसची वेधशाळा, म्हणजे हवामान खात्याचं पुण्यातलं कार्यालय, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तिला आपण उगाच नावं ठेवतो.

स्वतः बनवायचा विचार असेल तर हिशोब आधी करा. कापूर सहज मिळतो, नवसागर मिळतो, सोरा मागितल्यावर दुकानदार वरपासून खालपर्यंत बघतो. शुद्ध अल्कोहोलपाशी मी थांबलो.

पाचात दोन तारे. एक पिसांचा, एक फ्रिजचा. तक्त्यासाठी उणे द्यायची सोय नाही.

तक्त्यावर आता मी कागद चिकटवलाय. नळी वरपर्यंत भरली: स्वेटर. निम्मी: विरजण दुलईत गुंडाळा. तळाशी चिमूट: काही करू नका. रिकामी: पंखा. आईने चष्मा लावून वाचलं आणि 'निम्मी'च्या पुढे पेनने आणखी चार शब्द लिहिले: खोबरेलची बाटली उन्हात ठेवा.