नऊ महिने, तीन वस्तरे: फुल हॉलो, हाफ हॉलो आणि वेज

माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला, कंठाच्या जरा वर, दाढीचा भोवरा आहे. तिथले केस वरून खाली येता येता मध्येच आडवे होतात आणि कानाकडे वळतात. कार्ट्रिजचा रेझर वापरत होतो तेव्हा त्या दोन बोटांच्या जागेवर कायम लाल पुरळ असायचं. वस्तऱ्याकडे वळलो तो मुख्यतः त्या भोवऱ्यासाठी, आणि पात्याच्या ग्राइंडबद्दल, म्हणजे पातं घासून त्याला दिलेल्या आकाराबद्दल, माझं जे काही मत झालं तेही त्याच जागेवर झालं. गालावर सगळेच वस्तरे छान चालतात. गालावरून कुणीही वस्तरा पारखू नये.

वापरलेले तीन वस्तरे असे. एक जर्मनीतल्या सोलिंगेनचा नवा, ५/८ इंच रुंदीचा फुल हॉलो. दुसरा सोलिंगेनचाच, पण जुना, ६/८ इंची हाफ हॉलो. तिसरा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, त्याहून बराच जुना, ७/८ इंची आणि जवळजवळ पूर्ण वेज. तिन्ही कार्बन स्टीलचे आणि तिन्हींचं टोक गोल. टोक मुद्दाम सारखं ठेवलं, कारण चौकोनी टोकाने कानापाशी ओरखडा आला की माणूस उगाच ग्राइंडला दोष देतो. पहिले सहा महिने आठवड्याला एक वस्तरा अशी पाळी लावली होती. नंतरचे तीन महिने हात ज्याच्याकडे जाईल तो.

नव्याने येणाऱ्यांसाठी ग्राइंड म्हणजे काय ते सांगतो. पातं आडवं कापून त्याच्या तोंडाकडे पाहिलं अशी कल्पना करा. वेज म्हणजे सरळ पाचर, पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळती होत गेलेली. हॉलो म्हणजे दोन्ही बाजूंनी गोल चाकावर घासून पोटातला धातू काढून टाकलेला. चाक जितकं लहान, तितकी पोकळी खोल. हाफ हॉलोमध्ये पोकळी उथळ असते. फुल हॉलोमध्ये पाठीच्या जरा खाली पातं एकदम बारीक होतं, मग मध्यावर किंचित फुगवटा येतो आणि त्याच्या खालचा भाग कागदासारखा पातळ असतो. तो फुगवटा नसता तर इतकं पातळ पातं पिळवटलं असतं. फ्रान्समध्ये थिएर गावच्या काही पात्यांवर ‘एव्हिदे सोनां’ असं कोरलेलं असतं, म्हणजे पोकळ आणि वाजणारं. नखाने हलकेच टिचकी मारली की ते खरंच वाजतं.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला चार महिने उलगडली नव्हती. मला वाटायचं, फुल हॉलोची धार जास्त तीक्ष्ण कोनाची असणार आणि वेजची बोथट कोनाची. तसं नाही. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकलेली असतात, त्यामुळे धारेचा कोन ठरतो तो पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर. मधली पोकळी दगडाला लागतच नाही. व्हर्नियरने मोजलं. फुल हॉलोची पाठ ४.५ मिलिमीटर आणि रुंदी १६. हाफ हॉलोची पाठ ५.३ आणि रुंदी १९. वेजची पाठ ६ आणि रुंदी २२. हिशेब केला तर तिन्हींचा कोन १६ अंशांच्या आगेमागेच येतो. म्हणजे केसाला भिडणारी पाचर तिन्हींत सारखीच. फरक आहे तो धारेच्या लगेच मागे किती धातू उभा आहे याचा. पात्याचं वाकणं, त्याचं वजन, त्याचा आवाज, सगळं तिथून येतं.

पहिल्या महिन्याच्या नोंदी मी पुढे खोडून टाकल्या. नवा फुल हॉलो ‘दाढीसाठी तयार’ म्हणून आला होता आणि तो तयार नव्हता. केस ओढायचा, हनुवटीवर उड्या मारायचा. मी वहीत लिहून ठेवलं की फुल हॉलो माझ्या दाढीला चालत नाही. मग कधीतरी लक्षात आलं की तीन पाती तीन वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या दगडांवर लावलेली आहेत आणि मी ग्राइंडची नाही, धारेची तुलना करतोय. तिन्ही स्वतः घेऊन बसलो. १००० ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक दाण्याचा) दोन्ही बाजू धारेच्या रेषेवर नीट मिळेपर्यंत, मग ४०००, ८०००, १२०००, आणि शेवटी कॅनव्हास व चामड्याचा पट्टा. त्यानंतरचाच अनुभव खाली लिहितोय. तुम्हीही तुलना करणार असाल तर आधी एवढं कराच, नाहीतर निष्कर्ष फुकट जातील.

फुल हॉलोचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे तो बोलतो. गालावर सुलटा, म्हणजे केसांच्या दिशेने, हात मारताना केस तुटल्याचा आवाज येतो, कोरडा, बारीक, करकरता. एकेका पट्ट्यात कुठे केस दाट आहेत, कुठे विरळ, ते कानाला कळतं. कोन बिघडून पातं जास्त उभं झालं की आवाज खरखरीत होतो, आणि फार आडवं झालं की जवळजवळ बंद पडतो. सुरुवातीला आरशापेक्षा मला या आवाजाचा जास्त उपयोग झाला. पातं गालापासून साधारण ३० अंशांवर धरा असं सगळे सांगतात, पण ३० अंश आरशात कळत नाहीत, कानाला कळतात.

दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तो दाब खपवून घेत नाही. दगडावर नेण्याच्या आधी, धार तशीही काढायचीच होती म्हणून, मी ते पातं अंगठ्याच्या नखावर आडवं टेकवून हलकेच दाबत पुढे नेलं. धारेलगतचा धातू नखावर उचलला जात होता आणि ती बारीक लाट धारेबरोबर पुढे सरकत होती. उजेडात स्पष्ट दिसते. (धार लावल्यानंतर हे करू नका, धार तिथेच मरते.) चेहऱ्यावरही तेच होतं. तुम्ही दाबता तेव्हा धार वाकते, आणि हाताने धरलेला कोन तिच्यापाशी उरत नाही. भोवऱ्यावर मी दुसऱ्या महिन्यात नेमकं हेच केलं. केस आडवे, पातं त्यांच्यावरून घसरतंय असं वाटलं, म्हणून जरा दाबलं. जबड्याच्या हाडाखाली सव्वा सेंटीमीटरची चीर पडली आणि फेस गुलाबी झाला. चीर चार दिवसांत भरली, पण त्या जागी पुन्हा पातं टेकवताना हात ताठ व्हायचा. तो ताठरपणा जायला तीन आठवडे लागले.

पुढे उपाय सापडला तो पात्यात नव्हता, कातडीत होता. डाव्या हाताने भोवऱ्याखालची कातडी खाली आणि मानेकडे ताणायची, म्हणजे आडवे केस थोडे उभे राहतात. मग केसांना आडवा, नुसत्या वजनाने हात. दोन बोटांच्या जागेसाठी चार छोटे हात. असं केलं की फुल हॉलो तिथे इतका मऊ चालतो की मागे काही उरलंय का ते बोट फिरवून पाहावं लागतं. पुरळ पूर्ण गेलं. पण रोज सकाळी तेवढं भान ठेवावं लागतं, आणि झोप अर्धवट झालेल्या दिवशी मी हा वस्तरा उचलत नाही.

वेज याच्या अगदी उलट. हातात घेताच कळतं. माझ्या काट्यावर फुल हॉलो ४६ ग्रॅम भरला आणि वेज ७८. गालावर टेकवला की तो स्वतःच्या वजनाने चालतो, हाताचं काम फक्त दिशा देणं. दोन-तीन दिवसांची दाढी वाढलेली असेल तर वेजसारखं सुख नाही. हनुवटीवरचे जाड खुंट तो न थबकता कापतो, पातं थरथरत नाही, वाकत नाही. आवाज जवळजवळ नाही, फेस सरकल्याची नुसती सरसर.

पण हा शांतपणाच मला महागात पडला. वेज चूक सांगत नाही. कोन बिघडला तरी तो कापत राहतो आणि केसांबरोबर कातडीचा वरचा थरही नेतो. दाढी करताना छान वाटतं, तोंड धुतल्यावरही छान वाटतं, आणि दोन तासांनी कॉलर घासली की गळा चुरचुरायला लागतो. भोवऱ्यावर तर वेजने पहिल्या आठवड्यात पुरळ परत आणलं. दुसरी अडचण रुंदीची. ७/८ इंचाचं जाड पातं नाकाखाली नीट बसत नाही आणि जबड्याखालच्या खोलगट भागात पाठ मध्ये येते. हा दोष खरं तर रुंदीचा, ग्राइंडचा नाही, पण वेज बहुतेक रुंदच मिळतात.

वेजला धार लावणं हे वेगळंच काम आहे. हॉलो पात्यात दगडाला टेकते ती पाठीची एक रेघ आणि धारेची एक रेघ, त्यामुळे काढायचा धातू थोडा. माझा फुल हॉलो, मधूनमधून धार ताजी करायला ८००० पासून सुरू केला तर, वीस मिनिटांत होतो. वेजची जवळजवळ सगळी बाजूच दगडावर टेकते. पहिल्यांदा १००० वर दोन बैठका गेल्या आणि टाचेकडचा, म्हणजे मुठीजवळचा, भाग तरीही उरलाच होता. शेवटी पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावली. टेपने पाठ किंचित उचलली जाते, कोन साधारण एका अंशाने वाढतो आणि दगड फक्त धारेपाशी लागतो. काम अर्ध्या तासावर आलं. दाढीत त्या एका अंशाचा फरक मला जाणवला नाही. टेप न लावण्याबद्दल लोक फार आग्रही असतात, पण जुन्या वेजला ती लावावीच असं माझं स्पष्ट मत आहे.

हाफ हॉलोबद्दल लिहायला त्या मानाने कमी आहे. पहिले तीन महिने तो मला मधलाच कुणीतरी वाटायचा, ना आवाज ना वजन. वहीत त्याच्या आठवड्याच्या नोंदी एकेका ओळीच्या आहेत: ‘ठीक’, ‘ठीक’, ‘गळा शांत’. सहाव्या महिन्यात सगळी वही सलग वाचली तेव्हा दिसलं की गळा शांत असल्याची नोंद सगळ्यांत जास्त वेळा त्याच्याच आठवड्यांत आहे. आवाज फुल हॉलोपेक्षा खालचा, पण कोन बिघडल्याचं कळण्याइतका येतो. धारेमागे इतका धातू आहे की भोवऱ्यावर हात जरा जड पडला तरी पातं वाकून चीर देत नाही. ६/८ इंच रुंदी फेस वाहून न्यायला पुरते आणि नाकाखालीही बसते. उलटा हातही मी या एकाच वस्तऱ्याने निर्धास्त मारतो, तोही फक्त गालावर. गळ्यावर उलटा हात मी आता कुठल्याच वस्तऱ्याने मारत नाही.

एक निरीक्षण टिकाऊपणाचं. आठव्या महिन्यात ४० पटींच्या भिंगाखाली तिन्ही धारा पाहिल्या. फुल हॉलोच्या मधोमध, हनुवटीवर जो भाग मी वापरतो तिथे, दोन बारीक खाचा होत्या. हाफ हॉलोला एक, वेजला दिसली नाही. केसाने स्टीलला खाच पडते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हेच दाखवलं होतं: केस वाकून धारेवर तिरपा आला आणि त्या ठिकाणी स्टीलची रचना एकसारखी नसली, तर कडेचा कण निघू शकतो. त्यांचा प्रयोग फेकून द्यायच्या ब्लेडवर होता, त्यामुळे वस्तऱ्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की केस जितका भिजलेला तितकं बरं. आता फेस लावण्याआधी तीन मिनिटं गरम पाण्याचं फडकं दाढीवर धरतो, आणि हनुवटीसाठी पात्याचा मधला भाग न वापरता टाचेकडचा वापरतो.

पट्ट्याचंही ग्राइंडप्रमाणे बदलावं लागतं. कॅनव्हासवर २० आणि चामड्यावर ५० फेऱ्या तिन्हींना सारख्याच. फुल हॉलोला पट्टा ताठ आणि हात अगदी हलका हवा, कारण पट्टा सैल पडला की पातळ धार गोल व्हायला वेळ लागत नाही. वेजला थोडा दाब दिला तरच काही होतं. पातं वळवताना नेहमी पाठीवरून वळवा. मी पहिल्याच आठवड्यात घाईने धारेवरून वळवलं आणि नव्या पट्ट्याला अर्ध्या बोटाची खाप पाडली. ती अजून आहे, पातं तिथून जाताना हाताला लागते.

पहिला वस्तरा घेणाऱ्याने ५/८ किंवा ६/८ चा हाफ हॉलो घ्यावा, गोल टोकाचा, आणि धार खरोखर लावलेली आहे याची खात्री करून. केस बारीक आणि कातडी नाजूक असेल, शिकायला वेळ द्यायची तयारी असेल, तर फुल हॉलोच घ्या. तो जितकं शिकवतो तितकं बाकीचे शिकवत नाहीत. दाढी राठ असेल आणि रोज करत नसाल तर वेज, मात्र दगड हाताळायला शिकल्यानंतरच.

माझी सध्याची पद्धत अशी: रोज हाफ हॉलो, दोन दिवस चुकले की गाल-हनुवटीला वेज आणि गळ्याला फुल हॉलो. काल तसंच केलं. भोवऱ्यावर चार हात, कातडी ताणून. आज संध्याकाळपर्यंत तिथे लाली नाही. उद्या फुल हॉलो ८००० वर घ्यायचा आहे, त्या दोन खाचा निघतात का पाहतो.