प्लस-पी काडतुसं: आठ महिने वापरून झाल्यावर

माझ्या ग्लॉक १९ मध्ये आता साध्या दाबाची काडतुसं आहेत, आणि छोट्या रिव्हॉल्व्हरमध्येही. आठ महिन्यांपूर्वी दोन्हींत प्लस-पी, म्हणजे त्याच मापाची पण जास्त दाबाची काडतुसं भरलेली होती. दोन्ही हत्यारं ठणठणीत आहेत, कशालाही तडा गेला नाही, तरी मी मागे फिरले. का, ते नीट लिहिते. फीनिक्समध्ये आमच्या ओळखीच्या तीन-चार मराठी घरांत अलीकडेच पहिलं पिस्तूल आलंय आणि सगळे मला विचारतात, प्लस-पी घ्यावी की साधी?

आमचं किराणा मालाचं दुकान आहे. रात्री दहाला शटर ओढून, गल्ला घेऊन मी आणि नवरा गाडीपर्यंत चालत जातो. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलं, सराव केला. काडतुसं घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, छोट्या नळीला जोर हवा, प्लस-पीच घ्या. मी घेतली. ऑक्टोबरपासून मेपर्यंत एक शनिवार आड करून बेन एव्हरी या नेमबाजीच्या रेंजवर ती वापरली.

दारू पेटली की काडतुसाभोवतीच्या चेंबरमध्ये वायूचा दाब तयार होतो. तो जास्तीत जास्त किती असावा, हे अमेरिकेत सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते. ती १९२६ पासून आहे. माझ्या ग्लॉकच्या ९ मिलिमीटर काडतुसाची मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), त्याच्या प्लस-पीची ३८,५००. रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशलची १७,०००, प्लस-पीची २०,०००. म्हणजे नाइनमध्ये दहा टक्के वाढ आणि अडतीसमध्ये सतरा-अठरा टक्के. प्लस-पी-प्लस नावाचाही माल मिळतो, पण त्याला सामीची मर्यादाच नाही. दाब कुठवर जाईल हे फक्त बनवणाऱ्यालाच माहीत, म्हणून मी त्याला हातसुद्धा लावला नाही.

माझ्या बाबांची अख्खी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली. फोनवर हे आकडे सांगितले तर त्यांनी एकच विचारलं, "चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते भरलं, तर अडवणारं काय आहे?"

अडवणारं काहीच नाही. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे कितीतरी जोरदार काडतूस आलं तेव्हा त्याची पुंगळी (दारू आणि गोळी धरणारं धातूचं नळकांडं) .३८ स्पेशलपेक्षा तीनेक मिलिमीटर लांब ठेवली, ती याच भीतीने. ते काडतूस अडतीसच्या सिलिंडरमध्ये पूर्ण बसतच नाही. प्लस-पीला अशी कुठलीच अडकाठी नाही. माप तेच, आकार तोच, फरक फक्त पुंगळीच्या बुडावर कोरलेल्या खुणेचा. खोक्यातून निघून डब्यात सुटी पडलेली काडतुसं एकमेकांत मिसळली की ती खूण कोण वाचत बसतंय?

जानेवारीत हे डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या लेनमध्ये एक आजोबा वडिलांचं पोलिसातलं जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते, आणि हातात प्लस-पीचं खोकं. मी त्यांना सिलिंडर बाहेर काढून आतल्या खाचेत मॉडेल नंबर आहे का बघायला सांगितलं. नंबर नव्हता. स्मिथ अँड वेसनच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की १९५८ च्या आधीच्या के फ्रेमच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्लस-पी वापरू नये, आणि नंबर नसणं हीच त्या जुन्या मालाची ओळख. आजोबांनी खोकं मुकाट्याने पिशवीत ठेवलं. तेव्हा तुमचं हत्यार कुठलंही असो, आधी त्याची पुस्तिका उघडा. त्यात प्लस-पीला परवानगी असेल आणि हत्यार सुस्थितीत असेल, तर अशा काडतुसाने ते फुटणार नाही. झीज मात्र वाढते, म्हणून मी ग्लॉकची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) वेळेआधीच बदलली.

आता फायदा किती, ते सांगते. ग्लॉकमध्ये मी स्पीअर गोल्ड डॉटची १२४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी आणि प्लस-पी, दोन्ही काडतुसं वापरली. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे साध्याचा वेग सेकंदाला ११५० फूट आणि प्लस-पीचा १२२०. सत्तर फुटांचा फरक. वेग मोजायच्या यंत्रावर मलाही साधारण तेवढाच दिसला. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर जी कसोटी ठरवली, तिच्यात गोळी चाचणीच्या जेलमध्ये (शरीराऐवजी वापरतात तो जिलेटिनचा ठोकळा) १२ ते १८ इंच जायला हवी. चांगल्या कंपन्यांच्या साध्या दाबाच्या आजच्या हॉलो पॉइंट (तोंडाशी पोकळ, आत जाऊन फुलणाऱ्या) गोळ्या त्यात व्यवस्थित बसतात. मग त्या सत्तर फुटांनी मला काय मिळालं? आवाज जास्त, रात्री डोळ्यांपुढे झगमगाट जास्त, आणि स्लाइड इतक्या जोरात मागे जायची की पुंगळ्या शेजारच्या लेनमध्ये जाऊन पडायच्या. पहिली गोळी दोन्हींची सारखीच लागायची. दुसरी आणि तिसरी मात्र प्लस-पीने हातभर पसरायच्या. माझे हात लहान आहेत, हेही त्यामागचं एक कारण आहे.

त्याहून मोठी गोष्ट फेब्रुवारीत लक्षात आली. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, म्हणून रोज रात्री पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा भरते. म्हणजे मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस रोज चेंबरमध्ये जायचं आणि बाहेर यायचं, आणि ते रोज तेच असायचं. एका रात्री ते सहज दुसऱ्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं केलं. ठेंगणं दिसलं. नवऱ्याच्या अवजारांतला व्हर्नियर आणून मोजलं, तर जवळजवळ पाऊण मिलिमीटर कमी. प्रत्येक वेळी चेंबरच्या उतारावर आपटून गोळी पुंगळीत आत सरकली होती. ती आत गेली की दारूला जागा कमी पडते, आणि जागा कमी पडली की दाब एकदम चढतो. साध्या काडतुसातही हा धोका असतोच. पण माझं काडतूस मुळातच वरच्या मर्यादेला टेकलेलं होतं. त्या रात्री मला खरंच भीती वाटली. तेच काडतूस मी उद्या चेंबरमध्ये घालून दुकानात जाणार होते!

रिव्हॉल्व्हरची कथा याच्या अगदी उलट. माझं स्मिथ अँड वेसनचं ६४२ मॉडेल जेमतेम चारशे ग्रॅमचं, पाच गोळ्यांचं, नळी दोन इंचांहून आखूड. पुस्तिकेत प्लस-पीला परवानगी आहे. इतक्या आखूड नळीत गोळीला वेग धरायला वावच मिळत नाही, आणि वेग नसला की हॉलो पॉइंट उघडत नाही. त्यामुळे प्लस-पीचा खरा उपयोग कुठे असेल, तर तो इथे. खास आखूड नळीसाठी बनवलेलं १३५ ग्रेनचं काडतूस मला मनापासून पटलं होतं. पण हत्यार हलकं म्हणून धक्का जबरदस्त. पंधरा-वीस गोळ्यांनंतर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटायची आणि पुढे चाप ओढताना मी आपोआप डोळे मिटायला लागले. जे काडतूस सरावाला नकोसं वाटतं, ते मी गरजेच्या वेळी नीट चालवीन असं म्हणायला जीभ धजत नाही.

मार्चमध्ये एका वेगळ्या, स्वस्त ब्रँडची १५८ ग्रेनची शिशाच्या गोळीची प्लस-पी घेऊन गेले. चौथ्या गोळीनंतर चाप हलेना. सिलिंडर गच्च. नळी समोर ठेवून, बोट चापावरून काढून रेंज ऑफिसरला बोलावलं. सिलिंडर उघडल्यावर दिसलं की पाचव्या काडतुसातली गोळी पुंगळीतून पुढे निसटून बाहेर डोकावत होती. धक्क्याने रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, आणि पुंगळीने घट्ट धरलेली नसेल तर गोळी जागच्या जागीच राहते. तेव्हापासून नवं खोकं आणलं की चार गोळ्या झाडायच्या आणि पाचवी व्हर्नियरने मोजायची, हा नियम केलाय. हलकं रिव्हॉल्व्हर असेल त्यांनी हे कराच.

आता त्यात १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर भरते. खरं तर ही निशाणेबाजीची, मऊ धक्क्याची काडतुसं. गोळी फुलत नाही, पण सपाट तोंडाने स्वच्छ भोक पाडत सरळ आत जाते, आणि पाचही गोळ्या मला हव्या तिथे लागतात. नवऱ्याचे पंजे मोठे आहेत. तो त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये १३५ ग्रेनची प्लस-पीच ठेवतो आणि त्याचे नेम बघता मी त्याला काही म्हणत नाही.

साताऱ्याच्या मामेभावाकडे शेतावरच्या राखणीसाठी परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्यालाही प्लस-पी हवं होतं. भारतात ९ मिलिमीटर सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, आणि .३२ स्मिथ अँड वेसन लाँगला सामीने प्लस-पीची मर्यादा कधी ठरवलेलीच नाही. ते काडतूस १५,००० पीएसआयचं आहे. "दादा, कुणी जादा दारूचं भरून देतो म्हणालं तर त्याच्या दारातही उभा राहू नकोस," एवढंच मी त्याला सांगितलं.

ग्लॉकसाठी आता रोजची पद्धत ठरली आहे. संध्याकाळी वरचं काडतूस चेंबरमध्ये गेलं आणि रात्री बाहेर आलं की त्याच्या बुडावर काळ्या मार्करने एक ठिपका देते आणि ते मॅगझिनमध्ये सगळ्यात खाली घालते. तीन ठिपके झाले की ते काचेच्या बरणीत जातं आणि पुढच्या शनिवारी आधी मोजून, लांबी बरोबर असेल तरच रेंजवर वापरते. आज वरच्या काडतुसावर दोन ठिपके आहेत.