सात महिन्यांनंतर: सॅटेलाइट मेसेंजर आणि त्याचं ते रबरी झाकण

परवा यंत्र सर्व्हिस सेंटरमधून परत आलं, जसं गेलं होतं तसंच. सोबत एका ओळीचा शेरा होता: "चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा व गंज, वॉरंटीत बसत नाही." सात महिन्यांत चार मोहिमा, मिळून 41 दिवस मोबाईलच्या रेंजबाहेर, आणि शेवटी सगळं येऊन अडलं ते नखाएवढ्या रबराच्या तुकड्यावर. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही. तळहातावर मावणारं, इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारं, दोन्ही बाजूंनी संदेश देणारं-घेणारं यंत्र आहे, एवढं पुरे. बाकीचे आकडे वाचकांना पाठ असतात.

घेताना मी आणि दादा महिनाभर घोळ घालत होतो. दादा एकट्या पीएलबीवर, म्हणजे फक्त संकटात हाक देणाऱ्या छोट्या यंत्रावर (पर्सनल लोकेटर बीकन), ठाम होता. "वर्गणी नाही, चार्जिंग नाही, बटण दाबलं की काम झालं," असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. पीएलबी 406 मेगाहर्ट्झवर थेट कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेला हाक देतो. त्याची सीलबंद बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहते आणि गरज पडली की निदान 24 तास सिग्नल पाठवत राहते. पण तो एकच वाक्य बोलू शकतो: मला वाचवा. पाय मुरगळलाय, जिवाला धोका नाही, एक दिवस उशीर होईल, हे त्याला सांगता येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या भटकंतीत "मला वाचवा" म्हणायची वेळ एकदाही आली नाही. "उशीर होईल" म्हणायची मात्र दर वेळी येते.

एकतर्फी ट्रॅकर, म्हणजे संदेश पाठवणारा पण न घेणारा, स्वस्त पडतो. 2007 साली आलेला स्पॉट त्यातलाच. तो ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालतो, आणि त्या उपग्रहांना तुमचा संदेश खाली पाठवायला त्याच वेळी जमिनीवरचं एखादं केंद्र नजरेत असावं लागतं. समुद्रात खूप आत किंवा ध्रुवांकडे म्हणून त्याची पंचाईत होते. इरिडियमचे 66 उपग्रह आपापसांत संदेश पुढे ढकलतात, त्यामुळे खाली केंद्र नसलं तरी चालतं. 2022 पासून आयफोन 14 आणि पुढच्या फोनांमध्येही उपग्रहावरून मदत मागायची सोय आली, पण ती ठरावीक देशांपुरतीच. शिवाय फोन हातात धरून उपग्रहाच्या दिशेने वळवत बसावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी थंडीत फोनचीच बॅटरी मान टाकते. म्हणून वेगळं यंत्र घेतलं, आणि ते घेतल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. राग आहे तो झाकणाचा.

हे झाकण यंत्राच्या बाजूला असतं. एका पातळ रबरी दोरीने अडकवलेलं, आत दोन बारीक कडा. दाबून बसवलं की यंत्र आयपीएक्स 7, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणारं. नवीन असताना ते 'टक्' करून बसायचं. दुसऱ्या मोहिमेनंतर तो आवाज यायचा बंद झाला. तिसऱ्या मोहिमेत एका कोपऱ्याने ते केसभर वर राहू लागलं. अंगठ्याने दाबलं की बसायचं, हात काढला की परत वर. यंत्र सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावलेलं असतं, घाम आणि पाऊस नेमका तिथूनच वाहतो. चौथ्या मोहिमेत तिसऱ्या रात्री केबल लावली आणि चार्जिंगचं चिन्ह आलंच नाही. डोक्याच्या टॉर्चखाली आत पाहिलं, तर पिनांवर हिरवट थर बसलेला. काडीने खरवडला, फुंकर मारली, केबल बदलली, काही उपयोग झाला नाही. बॅटरी 31 टक्के आणि चालायचे चार दिवस बाकी.

त्या वेळी मनात पहिली आली ती आई. आई ट्रॅकिंगचा नकाशा उघडून बसते. आधी मला ट्रॅकिंग म्हणजे फुकटचा खर्च वाटायचा. दर दहा मिनिटांनी नकाशावर एक ठिपका टाकून कुणाचं काय भलं होणार? पहिल्या मोहिमेनंतर आई म्हणाली, "अगं, तो ठिपका हलला ना, की माझं कामात लक्ष लागतं." तेव्हापासून मी तो बंद ठेवलेला नाही. आता बॅटरी वाचवायची तर पहिली काट ट्रॅकिंगलाच लावायला हवी होती, म्हणजे आईच्या नकाशावर मी एका डोंगराच्या सोंडेवर खिळून राहणार. एकतर्फी ट्रॅकर असता तर आईच्या हातात उरला असता तो न हलणारा ठिपका. मी लिहिलं: "बॅटरी कमी. ट्रॅकिंग बंद करते. रोज संध्याकाळी एक संदेश." यंत्र दगडावर अँटेना वर करून ठेवलं आणि बसून राहिले. सहा मिनिटांनी 'गेला' अशी खूण आली, आणि आणखी अकरा मिनिटांनी आईचं उत्तर: "मिळाला. कळलं. निवांत झोप." मग यंत्र बंद केलं. दोन्ही बाजूंनी बोलणारं यंत्र का घ्यावं, याचं माझ्याकडे या संध्याकाळीपेक्षा मोठं कारण नाही.

पुढचे तीन दिवस दिवसभर यंत्र बंद, आणि संध्याकाळी फक्त अर्धा-पाऊण तास चालू. बंद असताना आलेले संदेश जाळ्यात थांबून राहतात आणि चालू केल्यावर उतरतात, तेव्हा काही हरवलं नाही. फक्त शेवटच्या मुक्कामी जीव टांगणीला लागला. पूर्व-पश्चिम अशी अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि वर आकाशाची एक पट्टी. इरिडियमचे उपग्रह जवळपास उत्तर-दक्षिण धावतात, सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून, आणि 100 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतात. उघड्यावर एकेक उपग्रह कित्येक मिनिटं डोक्यावर असतो. अशा आडव्या घळीत तो ती पट्टी ओलांडतो आणि कड्याआड जातो. संदेश जायला 38 मिनिटं लागली. घळीतून पुढच्या वळणापर्यंत चढून मोकळ्यात आले असते तर दोन मिनिटांत गेला असता, पण अंधार पडला होता आणि मी वरून खाली उतरण्याचा धोका पत्करला नाही. आता संदेश मुक्कामी पोचल्यावर पाठवायचा नाही, मुक्कामाच्या आधीच्या शेवटच्या मोकळ्या जागी पाठवायचा, असं ठरवून टाकलंय.

देवनागरीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून सांगते. संदेश समोरच्याला एसएमएस म्हणून मिळत असेल, तर रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात आणि देवनागरीत 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं सुटं मोजलं जातं. "ठीक आहे. इथे मुक्काम." एवढ्यालाच 21 खर्च होतात. आईला रोमन लिपीतलं मराठी वाचायला त्रास होतो, म्हणून मी देवनागरी सोडली नाही. उपाय सोपा आहे. घरून निघण्यापूर्वी खात्यात तयार संदेश लिहून ठेवता येतात आणि माझ्या प्लॅनमध्ये ते मोजणीत धरत नाहीत. माझे तीन आहेत: पोचले, उद्या निघणार, उशीर होईल पण बरी आहे. रोजचं नव्वद टक्के काम त्यांवर भागतं.

आता सर्व्हिस सेंटर. फोनवरचे गृहस्थ अगदी नम्र होते. "मॅडम, झाकण नीट बसलेलं नसेल तर पाणी जाणारच." मी विचारलं, झाकण बसत नाही हीच तर तक्रार आहे, मग ते सुटं बदलून मिळेल का? नाही, तो भाग सुटा मिळत नाही. म्हणजे सात महिन्यांत सैल पडणारा भाग बदलता येत नाही, आणि तो सैल पडल्याची जबाबदारी माझी. ज्या वस्तूवर माणूस जीव सोपवतो, तिचं पाणी अडवणारं अंग रबराच्या दोरीवर लोंबकळत ठेवायचं, हे मला अजूनही पटत नाही. बाजारात अशी यंत्रं आहेत ज्यांचं पोर्ट आतूनच पाणीबंद असतं, झाकण फक्त धुळीसाठी. घेण्याआधी मी वजन पाहिलं, बॅटरीचे तास पाहिले, नकाशे पाहिले. झाकण उघडून पाहिलं नाही.

वरचं सगळं लिहून चार दिवस झाले. मधल्या काळात एका ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्या काकांना यंत्र दाखवलं, आणि माझं मत थोडं हललं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ओलं असताना चार्जिंगला लावायचीस का?" लावायचे. दिवसभर पावसात चालून तंबूत शिरलं की पहिलं काम तेच. काकांनी सांगितलं की नुसत्या ओलाव्याने पिना इतक्या लवकर खात नाहीत. ओल्या पिनांतून वीज गेली की धातू झिजतो आणि तो थर चढतो. घामाचं मीठ असेल तर आणखी लवकर. म्हणजे झाकणाने पाणी आत घेतलं आणि पुढचं नुकसान माझ्या सवयीने केलं. झाकणाचा दोष यामुळे कमी होत नाही, पण सगळा दोष त्याचाच, हे मी आता म्हणणार नाही. यंत्र वाळवून, कापडाने पोर्ट टिपून, तासभर थांबून मगच केबल लावायची, हे पुस्तिकेत ठळक लिहायला हवं होतं.

वर्गणीचा विषय थोडक्यात. माझ्या प्लॅनने दोन वर्षांत यंत्राएवढी किंमत होते, आणि पैसे मोजून खर्च करणाऱ्या माणसाला हे टोचतंच. वापर नसलेल्या महिन्यांत मी प्लॅन थांबवून ठेवते. पण हे नक्की समजून घ्या: प्लॅन थांबलेला असेल तर एसओएसचं बटणही काही करत नाही. एका रविवारी अचानक ठरलेल्या फेरीला मी थांबलेल्या प्लॅनचं यंत्र सॅकला लावून गेले होते आणि घरी परतल्यावर ते लक्षात आलं. तेव्हापासून दादाचा पीएलबी, त्याला नको असेल तेव्हा, माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात असतो. त्याला वर्गणी नाही आणि ज्यातून पाणी शिरेल असं पोर्टही नाही, हे दादा दर वेळी ऐकवतो आणि मी आता वाद घालत नाही. एसओएस दाबल्यावर हाक एका समन्वय केंद्राकडे जाते, ते त्या भागातल्या बचाव पथकाला कळवतं. प्रत्यक्ष सुटकेचा खर्च वर्गणीत धरलेला नसतो, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो.

आणखी एक. हे यंत्र कुठल्या देशात नेताय ते आधी तपासा. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, आणि सामानात ते सापडल्यामुळे विमानतळावर परदेशी प्रवासी अडकलेले आहेत. सामान भरताना ते सवयीने आत जातं, म्हणून सांगितलं.

आज सकाळी पुन्हा फोन आला. पिनांचे फोटो आणि काकांचं म्हणणं, माझ्या चुकीसकट, मी त्यांना कळवलं होतं. अर्ध्या किमतीत दुरुस्त केलेलं दुसरं यंत्र द्यायला ते तयार आहेत. मी हो म्हटलं, कारण मोहीम पाच आठवड्यांवर आलीय. झाकण तेच आहे. दुसऱ्या यंत्राचा नंबर वेगळा असतो, तेव्हा खात्यात ते जोडून आपत्कालीन संपर्कांची यादी पुन्हा एकदा उघडून बघायची, आणि मोकळ्या माळावर जाऊन आईला एक चाचणी संदेश पाठवायचा. तिला आधी फोन करून सांगावं लागेल, नाहीतर ती नकाशा उघडून बसेल.