नाशिकला द्राक्षमळ्यात मुक्काम: गंगापूर धरणाकाठी की इगतपुरीकडे?

नाशिकच्या वायनरीत, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यात, राहायला जायचं ठरलं की लोक आधी पूल केवढा आहे आणि खिडकीतून पाणी दिसतं का, हे बघतात. मी आधी विचारतो, वाइन टेस्टिंगनंतर गाडी कोण चालवणार? ‘कोणीच नको’ असं उत्तर असेल, तरच मळ्यातल्या खोलीचं जास्तीचं भाडं वसूल होतं. नाहीतर शहरात कॉलेज रोडला साधं हॉटेल घ्यावं, जाण्यायेण्याची टॅक्सी आधीच सांगून ठेवावी आणि सकाळी मिसळ खावी.

गंगापूर धरणाच्या बाजूला सोय जास्त आहे. सुला, यॉर्क, सोमा या वायनरी एकमेकांपासून जवळ, त्यामुळे एका दिवसात दोन ठिकाणी चव घेता येते. इथे नाव नीट वाचून बुकिंग करा. ‘द सोर्स’ हे हॉटेल सुलाच्या आवारातच आहे, ग्लास ठेवला की चालत खोलीत. ‘बियाँड’ही सुलाचंच, पण वेगळ्या जागी, धरणाच्या बाजूला, तिथे निवांतपणा मिळतो, टेस्टिंग रूमला मात्र गाडीनेच जावं लागतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी इतकी लोटते की शांत मुक्कामाची कल्पना संध्याकाळपर्यंत विसरावी. तेच मंगळवारी गेलात तर जागा वेगळीच वाटते.

इगतपुरी तालुक्यात सांजेगावजवळ व्हॅलोने ही वायनरी आहे. मोजक्या खोल्या, समोर वेली आणि पलीकडे मुकणे धरणाचं पाणी. खऱ्या अर्थाने लहान म्हणावा असा मुक्काम हाच. मुंबईहून येणाऱ्याला नाशिकपर्यंतचा रस्ताही वाचतो. ग्रोव्हर झाम्पा ही वायनरीही याच भागात. पण टेस्टिंग आणि जेवण झालं की करायला काही उरत नाही. दोघांना ते आवडेल. बरोबर मुलं किंवा दहा जणांचा ग्रुप असेल तर गंगापूर धरणाकाठच बरा.

हॉटेलइतकाच महिनाही महत्त्वाचा, आणि तो बहुतेकजण चुकवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात घड येण्यासाठीची फळ छाटणी होते, म्हणून वेलीवर पिकलेले घड दिसतात ते साधारण जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या खरड छाटणीत वेली पार कापतात, त्यानंतर तारांवर जवळपास नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे आडव्या जाड फांद्या, राहतात. तेव्हा खिडकीतल्या ‘व्हिनयार्ड व्ह्यू’चे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात घड नसतात, पण इगतपुरीचे डोंगर बघण्यासारखे असतात. त्या दिवसांत मी डोळे झाकून तिकडे जाईन. थंडीत मात्र गंगापूर धरणाकाठी, आणि तेही आठवड्याच्या मधल्या वारी.

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की खोल्या भराभर जातात. २६ जानेवारीला ड्राय डे, म्हणजे दारूबंदीचा दिवस, असतो, त्या दिवशी टेस्टिंग बंद. आगाऊ पैसे भरण्याआधी कॅलेंडर उघडा.